चोवीस वर्षं लेथवर काढली, आता सीएनसी जमेल का?

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतून एका वाचकाने लिहिलं आहे. वय ४४, आयटीआय टर्नर, चोवीस वर्षं सेंटर लेथवर (हाताने चालवायच्या साध्या लेथवर). कारखान्यात फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग चालतं: हब, फ्लॅन्ज, ड्रम. मालकांनी दुसरं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे आकड्यांच्या आज्ञांवर आपोआप चालणारा लेथ, घेतलं, तीन लेथपैकी एकच उरला. मालक म्हणाले, "सहा महिन्यांत शिकून घ्या, नाहीतर डीबरिंगला (कडा घासायला) बसावं लागेल." या वाचकाने एक खासगी क्लास लावला. तिथे जी कोड आणि एम कोडची (मशीनला द्यायच्या आज्ञांची) लांबलचक यादी पाठ करून घेतली, आणि पंधरा दिवसांत सगळं डोक्यातून गेलं. पडद्यावरचं इंग्रजी अडतं, अक्षरं नीट दिसत नाहीत, आणि मशीनवरचा तेवीस वर्षांचा मुलगा "काका" म्हणतो, त्याला विचारायची लाज वाटते. प्रश्न असा: वय झालं का? दुसरा क्लास लावू, डिप्लोमा करू, की फंडाचे पैसे काढून स्वतःचा एक लेथ टाकू?

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फंडाला आत्ता हात लावू नका. लेथवरचं रिपेअरिंगचं काम मिळतं, पण ते ओळखीवर मिळतं आणि महिन्यागणिक कमी-जास्त होतं. सीएनसी येणारा माणूस उद्या स्वतःचा लेथ टाकूच शकतो. फक्त लेथ येणाऱ्याला मात्र मालक हातचा सोडून देऊ शकतात. म्हणून आधी हे सहा महिने.

वय झालेलं नाही. क्लासमध्ये जे घडलं त्यात तुमच्या डोक्याचा दोष नाही, शिकवण्याचा क्रमच उलटा होता. कोडची यादी पाठ करणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पाण्याबाहेर हातवारे पाठ करायला लावणं. ज्या कोडमागे समोर जॉब (कापायचा तुकडा) नाही, आवाज नाही, माप नाही, तो कोड विशीतला मुलगाही पंधरा दिवसांत विसरतो. विशीतल्याला दुसऱ्या दिवशी मशीनवर उभं करतात म्हणून त्याचं टिकतं, एवढाच फरक.

तुमची पाटी कोरी नाही. टर्निंग सेंटर लेथच आहे. चक (जॉब पकडणारा पंजा) तोच, जॉब तोच, धातू तोच, मापं तीच. बदललं ते हँडव्हील. तुम्ही हाताने जे फिरवत होता ते आता आकड्याने फिरतं. तेव्हा शिकायचं आहे ते इतकंच, की हाताला जे माहीत आहे ते आकड्यात कसं लिहायचं. जी०० म्हणजे कॅरेज आणि क्रॉस स्लाइड भरभर जॉबजवळ आणणं. जी०१ म्हणजे ऑटो फीड टाकून कट घेणं. जी७१ म्हणजे डायल बघत एकामागून एक रफ कट काढणं, आणि जी७० हा त्यानंतरचा फिनिश कट. जी७६ म्हणजे हाफ नट टाकून दर पासला थोडं थोडं खोल जात आटे काढणं. एम०८ म्हणजे कूलंटचा कॉक उघडणं. जी२८ म्हणजे काम झाल्यावर टूलपोस्ट लांब नेऊन ठेवणं. यातलं एकही काम तुम्ही हजार वेळा केलेलं नाही असं नाही. शाफ्ट, हब, फ्लॅन्ज अशा कामाला रोज लागणारे कोड जेमतेम वीस-बावीस आहेत. बाकीची यादी गरज पडेल तेव्हा मॅन्युअलमध्ये बघायची असते. जाणते सेटरही (मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारे) तेच करतात.

आणि जे त्या मुलाला येत नाही, ते तुमच्याकडे आहे. कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळू असते आणि ती थंड होताना कडक झालेली असते. पहिला कट त्या कातडीच्या खाली जायला हवा, हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. नवा ऑपरेटर इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं टोक) वाचवायला म्हणून कट कमी करतो, टूलचं टोक कातडीतच घासत राहतं आणि इन्सर्ट लवकर जातो. जॉब चकमध्ये नीट बसला नाही तर आवाजावरून ओळखणं, फोर जॉ चकमध्ये डायल लावून वाकडं कास्टिंग मध्यावर आणणं, बोअर (आतलं भोक) टेपर (निमुळता) का येतोय ते सांगणं, हे सगळं सीएनसीवर लागतंच. त्या मशीनला डोळे नाहीत. दिलेल्या आकड्यावर ते डोळे मिटून जातं.

आता क्रम. प्रोग्रॅमिंग शेवटी. सुरुवात ऑफसेटपासून. ऑफसेट म्हणजे टूल कुठे आहे ते मशीनला सांगणारा आकडा.

पहिले सहा आठवडे फक्त मोजा आणि ऑफसेट द्या. मालकांकडे एवढंच मागा: शिफ्ट सुरू होताना पहिल्या जॉबचं माप मी घेईन आणि त्या मुलासमोर ऑफसेट मी टाकेन. पंधरा मिनिटांचं काम आहे, उत्पादन थांबत नाही, म्हणून मालक नाही म्हणण्याची शक्यता कमी. मायक्रोमीटर तुमच्या हातात बसलेला आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी तुम्ही कामाचे ठरता. क्लासमध्ये हे सुख मिळालं नव्हतं.

ऑफसेटचा पडदा असा वाचायचा. ऑफसेटची दोन पानं असतात, जॉमेट्री आणि वेअर. जॉमेट्रीत टूल जॉबपासून मुळात कुठे आहे ते असतं, सेटिंग करताना ते एकदा भरतात. वेअरमध्ये रोजची बारीक दुरुस्ती. सुरुवातीला जॉमेट्रीच्या पानाला हात लावायचा नाही. समजा ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास ६०.०० आहे, अधिक-उणे ०.०२. माप आलं ६०.०६. बहुतेक टर्निंग सेंटरवर एक्सचा (क्रॉस स्लाइडच्या दिशेचा) आकडा व्यासाचा असतो, त्यामुळे त्या टूलच्या वेअरमध्ये एक्सला उणे ०.०६ द्यायचं, अर्धं करायचं नाही. क्रॉस स्लाइडच्या डायलवर काही लेथना त्रिज्या, काहींना व्यास असायचा. तुमच्या लेथचा डायल त्रिज्येचा असेल तर हात सवयीने ०.०३ टाकेल. पहिला आठवडा तिथेच घोडं अडेल, काळजी करू नका.

बोअरला उलटं. आतला व्यास ०.०३ लहान आला तर टूल अजून बाहेरच्या दिशेला जायला हवं, म्हणून अधिक ०.०३. चिन्ह पाठ करू नका. दर वेळी स्वतःला एकच विचारा: टूलला जॉबच्या मध्याकडे ढकलायचं आहे का मध्यापासून लांब? मध्याकडे असेल तर उणे, लांब असेल तर अधिक.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ती जागा. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) आकडा टाकल्यावर खाली दोन बटणं दिसतात: इनपुट आणि प्लस इनपुट. दिसायला सारखी, काम वेगळं. समजा वेअरमध्ये आधीच उणे ०.१२० आहे आणि तुम्हाला अजून उणे ०.०६० द्यायचं आहे. प्लस इनपुट दाबलं तर दोन्हींची बेरीज होऊन उणे ०.१८० होतं, हेच हवं. नुसतं इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसून उणे ०.०६० बसतं. टूल उलट बाहेर सरकतं आणि पुढचा जॉब ६०.१२ येतो. बाहेरच्या व्यासावर हा जॉब परत कट घेऊन वाचतो. पण तोच गोंधळ दुसऱ्या दिशेने झाला तर माप खाली जातं आणि कास्टिंग भंगारात. म्हणून बटण दाबण्याआधी जुना आकडा वहीत लिहा, नवा काय व्हायला हवा तो वहीत लिहा, बटण दाबा, आणि पडद्यावर तोच आकडा आला का ते बघा. मगच सायकल स्टार्ट.

दुसरी जागा दशांश चिन्ह. ०.०६ च्या जागी ०.६ गेलं की जॉब गेला. काही मशीनवर पॉइंट न देता ६० टाकलं तर ते ०.०६० धरलं जातं, काहींवर चक्क ६० मिलीमीटर. पॅरामीटर कसे बसवले आहेत त्यावर ते ठरतं. तेव्हा पॉइंट प्रत्येक वेळी टाकायचाच. प्रोग्रॅममध्येही एक्स६० नाही, एक्स६०.० असं लिहायचं.

तिसरी चूक इन्सर्ट बदलल्यावर होते. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो आणि आपण उणे वेअर देत जातो. नवा इन्सर्ट बसवला तरी ते जुनं उणे तिथेच असतं, म्हणून पहिलाच जॉब लहान येतो. टोक बदललं की वेअर आधी ०.२ मिलीमीटर अधिक बाजूला न्या, एक जॉब काढा, मोजा, मग मापावर आणा. बोअर असेल तर ०.२ उणे बाजूला.

आणि गरम जॉब. कट संपल्या संपल्या माप घेऊन ऑफसेट देऊ नका. २०० मिलीमीटर व्यासाचा ड्रम मोजमापाच्या तापमानापेक्षा २५ अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०५ मिलीमीटर फुगलेला असतो. तुम्ही तो कमी केला की गार झाल्यावर माप खाली. लेथवर हे तुम्ही अंदाजाने सांभाळत होता, कारण जॉब तासाला दोन निघायचे आणि मधे गार व्हायचे. इथे ते पटापट निघतात.

या सहा आठवड्यांत एक घरचा अभ्यास आहे, आणि आमच्या मते तोच सगळ्यात मोलाचा. तुमच्या लेथवर आजवर जे स्पीड वापरले ते आठवून आकड्यात काढा. सूत्र एकच: कटिंग स्पीड म्हणजे ३.१४ गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले १०००. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने ६० व्यासाचं माइल्ड स्टील तुम्ही १६० आरपीएमवर कापत असाल तर उत्तर येतं साधारण ३० मीटर प्रति मिनिट. हे तुम्हाला हाताने माहीत होतं, आकड्याने नव्हतं. आता कार्बाइड इन्सर्टवर राखाडी कास्ट आयर्न, समजा २०० मीटर प्रति मिनिट. २०० व्यासाला आरपीएम येतात सुमारे ३१८, ६० व्यासाला १०६१. अशी वीस उदाहरणं स्वतःच्या जॉबची सोडवा. नंतर जी९६ काय करतो हे कोणी समजवावं लागणार नाही. व्यास बदलेल तसे आरपीएम तो स्वतः बदलतो, तुम्ही गिअर लिव्हर बदलत होता तेच.

इथून जी५० कळतो. जी९६ वर फेसिंग करत मध्याकडे आलात की व्यास लहान होतो आणि आरपीएम चढत जातात. १० व्यासाला वरच्या हिशेबाने ६३६६. एवढ्या फिरकीत चकचे जॉ केंद्रापासून बाहेर ओढले जातात आणि पकड ढिली होते. त्यात कास्टिंगचं वजन एका बाजूला जास्त असेल तर जॉब सुटू शकतो. म्हणून जी९६ च्या आधी जी५० एस१२०० असं काहीतरी लिहून वरची मर्यादा बांधतात. किती बांधायची ते जॉबवर, पकडीवर आणि चकवर कोरलेल्या कमाल आरपीएमवर ठरवायचं. ज्या प्रोग्रॅममध्ये जी९६ आहे आणि जी५० नाही, तो कोणी कितीही सांगितलं तरी चालवू नका.

सहा आठवड्यांनंतर वाचन. चालू जॉबचा प्रोग्रॅम घ्या. मालकांच्या परवानगीने वहीत उतरवून घ्या. ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटो मात्र मोबाइलमध्ये काढू नका, बऱ्याच ठिकाणी त्यावरून नोकरी जाते. प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिहा की या ओळीला लेथवर तुम्ही काय केलं असतं. "टूल जॉबपासून २ मिलीमीटर अलीकडे आणलं", "फेस कट मध्याच्या जरा पलीकडे नेला", असं. मग आलेखाच्या कागदावर टूलची वाट पेन्सिलने काढा. रॅपिड (भरभर सरकणं) तुटक रेषेने, फीड (कापत सरकणं) सलग रेषेने. कागद परवडतो, संगणकाची गरज नाही.

जी७१ ला थांबा, कारण इथे भलेभले चुकतात. तो दोन ओळींत येतो. पहिली ओळ, समजा, जी७१ यू२.० आर०.५. दुसरी ओळ जी७१ पी१० क्यू२० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२५. दोन्हीत यू आहे आणि दोन्ही यू वेगळे. पहिला यू एका बाजूचा कट, म्हणजे व्यासातून ४ मिलीमीटर निघणार. दुसरा यू फिनिशला ठेवायचा माल, आणि तो व्यासावर, म्हणजे एका बाजूला ०.२. पहिला व्यासाचा समजून यू४.० लिहिलं तर मशीन व्यासातून ८ मिलीमीटर काढायला जातं, आणि मग इन्सर्ट तरी जातो किंवा जॉब तरी सरकतो. वहीच्या पहिल्या पानावर हे लाल पेनने लिहून ठेवा.

इन्सर्टच्या डबीवरचे आकडेही याच काळात वाचायला शिका. सीएनएमजी १२०४०८ मध्ये शेवटचं ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८ मिलीमीटर. फिनिश खरखरीत येत असेल तर हिशेब असा: फीडचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. फीड ०.२ आणि त्रिज्या ०.८ असेल तर चरांची उंची साधारण ६ मायक्रॉन. त्याच फीडला ०.४ त्रिज्येचं टोक लावलं तर दुप्पट. फीड निम्मं केलं तर चौथाई. एवढं कळलं की फिनिशसाठी उगाच स्पीड वाढवत बसावं लागत नाही.

पाठांतराबद्दल. वाचलेलं परत परत वाचून राहत नाही, आठवून राहतं. वही मिटा, कोऱ्या कागदावर कालचा प्रोग्रॅम लिहा, अडलात तर जागा सोडा, शेवटी वही उघडून लाल पेनने भरा. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एका बैठकीला पंचवीस मिनिटं पुरे, आठवड्यातून पाच वेळा. रविवारी चार तास बसून भरपाई होत नाही. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मात्र नवं काही घेऊ नका. त्या आठवड्यात झोप पुरी करा आणि बसच्या प्रवासात जुन्याची उजळणी करा. झोपेविना शिकलेलं डोक्यात ठरत नाही, आणि झोपेच्या डोळ्यांनी ऑफसेट टाकणं तर धोक्याचं.

इंग्रजीचा बाऊ करू नका. मशीनच्या पडद्यावर आणि बटणांवर रोज लागणारे शब्द चाळीसच्या आसपास आहेत. एडिट, मेमरी, एमडीआय, जॉग, हँडल, सिंगल ब्लॉक, ड्राय रन, फीड होल्ड, रिसेट, ओव्हर ट्रॅव्हल, डिस्टन्स टू गो. हे इंग्रजी म्हणून शिकायचंच नाही. जसं स्पॅनर, व्हर्नियर, चक हे शब्द तुमचे झाले तसे हेही होतील. वहीत देवनागरीत लिहा, शेजारी ते बटण दाबल्यावर काय होतं ते लिहा. अलार्म आला की रिसेट दाबण्याआधी त्याचा नंबर आणि शब्द उतरवून घ्या. दोन महिन्यांत तुमच्या कारखान्याची अलार्मची वही तयार होईल, आणि ती बघायला तो मुलगाच येईल.

अक्षरं दिसत नाहीत, याचा डोक्याशी काही संबंध नाही. चाळिशी ओलांडली की जवळचं अंधुक होतं. तुम्हाला दोन अंतरांवर बघायचं असतं: मायक्रोमीटर हातभरापेक्षा जवळ, साधारण ३०-३५ सेंटिमीटरवर, आणि पडदा ६०-७० सेंटिमीटरवर. नुसत्या वाचायच्या चष्म्याने पडदा धूसर दिसतो. डोळे तपासायला जाताना ही दोन्ही अंतरं मोजून कागदावर लिहून न्या आणि सांगा की काम असं आहे. दोन भागांच्या भिंगात जवळचा नंबर खाली असतो, पॅनल डोळ्यांसमोर असेल तर मान मागे टाकून बघावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. म्हणून मधल्या अंतराचीही सोय त्याच चष्म्यात होईल का ते विचारा. वरून सुरक्षेचा गॉगल बसेल अशीच फ्रेम घ्या. हे काम या आठवड्यात करा. आठाऐवजी तीन वाचून दिलेला ऑफसेट म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतो, आणि दोष चष्म्याचा असतो.

त्या मुलाला विचारायचं कसं? "मला सीएनसी शिकव" असं म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नाही, तो लाजेल किंवा टाळेल. रोज एकच प्रश्न, समोरच्या कामावरचा: "हा ऑफसेट उणे का दिलास?" "इथे फीड कमी का केलंस?" शिफ्ट बदलताना किंवा पहिला जॉब चालू असताना विचारा, तो टार्गेटच्या मागे धावत असताना नाही. आणि बदल्यात द्या. फोर जॉमध्ये डायल लावायला शिकवा, बोअर गेज हलवून सर्वांत कमी माप कसं पकडायचं ते दाखवा, कट घेताना आवाज बदलला की काय समजायचं ते सांगा. त्याला हे कुठल्याच क्लासमध्ये मिळणार नाही, आणि त्यालाही उद्या सेटर व्हायचं आहे. "काका" म्हणतो ना, मग भीड कसली? आपल्याकडे पुतण्याकडून मोबाइल शिकतोच की आपण.

चौथ्या-पाचव्या महिन्यात सेटिंग. हे एकट्याने करायचं नाही. सेटर शेजारी उभा हवा. टूल टच करताना आधी हलका कट घ्या, मग टूल फक्त झेडमध्ये (लांबीच्या दिशेने) मागे आणा, एक्स हलवायचा नाही. जॉब थांबवून मोजा, समजा ५८.३४ आलं, जॉमेट्रीच्या पानावर त्या टूलसमोर एक्स५८.३४ टाकून मेझर दाबा. मधे एक्स हलला असेल तर जेवढा हलला तेवढी चूक ऑफसेटमध्ये शिरते आणि त्या टूलचं प्रत्येक माप तेवढंच चुकतं. झेडसाठी फेस घ्या, टूल फक्त एक्समध्ये बाहेर काढा, झेड०.० टाकून मेझर.

पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, रॅपिड सगळ्यात खालच्या पायरीवर, हात फीड होल्डवर. टूल जॉबजवळ येऊ लागलं की फीड होल्ड दाबा आणि पडद्यावर डिस्टन्स टू गो वाचा. तिथे झेडला उणे ३५ दिसतंय आणि डोळ्यांना टूल आणि फेसमध्ये २० च मिलीमीटर जागा दिसतेय, तर ऑफसेट चुकलाय. पुढे जायचं नाही. शंका असेल तर दार उघडून स्टीलची पट्टी लावून अंतर मोजा. जुन्या लेथवाल्याची नजर इथे कामाला येते. वीस आणि पस्तीस यातला फरक तुम्हाला लांबून कळतो.

कधीतरी टूल ठोकलं जाईल. सगळ्यांचं जातं. त्या दिवशी झाकपाक करू नका. ताबडतोब सांगा आणि टरेटची (टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीची) अलाइनमेंट डायल लावून बघायला सांगा, कारण ठोकरीने टरेट किंचित फिरलं असेल तर आडव्या ड्रिलचं भोक मोठं येतं आणि बोअर टेपर येतात. मग आठवडाभर सगळे ऑफसेट शोधत बसतात.

सहाव्या महिन्यात एक सोपा जॉब, दोन पायऱ्या आणि एक बोअर, स्वतः लिहा. चाम्फर (तिरपी कड) आणि त्रिज्येला जी४१, जी४२ (टोकाच्या गोलाईची भरपाई करणारे कोड) लागतील. ते नसतील तर सरळ व्यास बरोबर येतील, पण तिरपे आणि गोल भाग थोडे चुकतील. तेव्हा हा धडा शेवटी ठेवला तरी चालतो.

क्लासचं काय? पहिल्या तीन महिन्यांत नको. नंतर, ऑफसेट आणि वाचन जमल्यावर, थोड्या दिवसांचा चांगला कोर्स खूप देऊन जातो, कारण तेव्हा तुमच्याकडे प्रश्न असतात. छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम हे केंद्राच्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिथे सीएनसीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. चालू तुकड्या आणि फी थेट विचारा. खासगी क्लास घेणार असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: एका मशीनमागे किती जण? माझ्या हाताने प्रत्यक्ष मशीनवर किती तास? कंट्रोल आमच्याकडे आहे तोच आहे का? शून्यापासून टूल सेट करून धातूचा जॉब काढायला मिळेल का? नुसत्या सिम्युलेटरवर भागवत असतील तर उठून या. प्रमाणपत्र हवं असेल तर अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणित करणारी आरपीएल ही सरकारी वाट आहे. नोकरी बदलताना त्याचा उपयोग होतो, शिकवणं मात्र त्यात फारसं नसतं.

पुस्तक हवं तर चेन्नईच्या निमी या सरकारी संस्थेची टर्नर ट्रेडची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं बघा. आजच्या अभ्यासक्रमात सीएनसी टर्निंग आहे आणि ती आयटीआयच्या भाषेत लिहिलेली आहेत, तुमच्या ओळखीची.

डिप्लोमा आत्ता नको. दोन वर्षांच्या आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, पण नियमित तुकडीत बसायचं तर पगार सोडावा लागेल, आणि मालकांनी दिलेल्या सहा महिन्यांत त्याचा उपयोग शून्य.

मालकांशी बोलताना "मी शिकतोय" एवढ्यावर थांबू नका. सहा महिन्यांनी काय दाखवायचं ते आत्ताच ठरवून घ्या: चालू जॉबचं सेटिंग एकट्याने, पहिला जॉब ओके, ठरलेल्या वेळात. आणि त्या दिवशी हुद्दा आणि पगार काय, तेही त्याच बोलण्यात विचारा.

उद्या जाताना दोनशे पानी वही, निळं आणि लाल पेन घेऊन जा. पहिल्या पानावर तारीख, चालू जॉबचं नाव, आणि टूल नंबर १ च्या वेअरमध्ये एक्सला आत्ता काय आकडा आहे तो लिहा. परवा त्याच वेळी परत बघा. बदलला असेल, तर का बदलला हा तुमचा त्या मुलाला पहिला प्रश्न.